ऑनलाइन बातमीचा संदर्भ प्रबंधात कसा द्यावा

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध विद्यापीठात जमा होण्यापूर्वी आम्ही दोघे अंबाजोगाईतल्या एका ग्रंथालयात बसलो आणि तिची संदर्भसूची ओळीने तपासली. मराठवाड्यातील टंचाईकाळातला पाणीपुरवठा हा तिचा विषय होता आणि दोन प्रकरणांचा मुख्य आधार वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील बातम्यांचा होता. ती संगणकावर एकेका दुव्यावर टिचकी मारायची आणि मी छापील प्रतीवर पेन्सिलने खूण करायचो. ३७ बातम्यांपैकी ९ उघडल्या नाहीत. काही ठिकाणी पान सापडत नसल्याची सूचना आली. त्याहून जास्त फसवे असे काही दुवे निघाले, ज्यांत पान उघडते, दुवा चालू आहे असे वाटते आणि समोर असते ते त्या दैनिकाचे आजचे मुख्य पान. तिने त्या बातम्या वाचल्या होत्या याबद्दल मला शंका नव्हती. पण परीक्षकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग उरलेला नव्हता, कारण सूचीत दैनिकाचे नाव आणि दुवा यांपलीकडे काहीच नव्हते. मथळा नव्हता, तारीख नव्हती, बातमीदार नव्हता.

आमच्या आधीच्या पिढीतले अभ्यासक कात्रणवही ठेवत. बातमी कापून चिकटवली की तिच्या कोपऱ्यात दैनिकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक शाईने लिहिल्याशिवाय वही मिटत नसे, कारण कापलेल्या कागदावर यांतले काहीच राहत नाही हे त्यांना ठाऊक असायचे. पडद्यावरच्या बातमीबाबत आपण ही काळजी सोडून दिली आहे. दुवा हाती आहे म्हणजे सर्व काही हाती आहे, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात दुवा हा संदर्भातला सर्वांत लवकर निकामी होणारा भाग आहे, आणि तो निकामी झाल्यावर उरलेल्या तपशिलांवरून वाचकाला ती बातमी ग्रंथालयात, ई-पेपरमध्ये किंवा जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या जतनस्थळावर शोधता आली, तरच त्या नोंदीला संदर्भ म्हणता येईल. पुढील सूचना याच कसोटीवर लिहिल्या आहेत.

नोंद वाचतानाच घ्यावी

बातमी उपयोगाची आहे असे ठरताच, पुढचा परिच्छेद वाचण्यापूर्वी, सहा गोष्टी लिहून घ्याव्यात: बातमीदाराचे किंवा लेखकाचे नाव जसे छापले आहे तसे, पूर्ण मथळा, दैनिकाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, दुवा आणि आपण ती बातमी पाहिल्याची तारीख. बातमी ई-पेपरमध्ये वाचली असेल तर आवृत्ती आणि पान क्रमांक यांची भर घालावी. त्याच नोंदीत, ही बातमी प्रबंधात कशासाठी लागणार आहे, हे एका वाक्यात लिहावे. तीन वर्षांनी प्रकरण लिहायला बसल्यावर केवळ मथळ्यावरून ते आठवत नाही.

झोटेरोसारखी मोफत संदर्भप्रणाली वापरणाऱ्यांचे बरेचसे काम एका टिचकीत होते आणि ती वापरावी असेच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. मराठी बातम्यांच्या बाबतीत मात्र तिने भरलेली प्रत्येक चौकट डोळ्यांखालून घालावी. नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली असते, बातमीदाराच्या जागी दैनिकाचे नाव येते, तारीख रिकामी राहते किंवा ‘वृत्तपत्रीय लेख’ या प्रकाराऐवजी ‘वेबपान’ असा प्रकार नोंदला जातो. हे तिथल्या तिथे दुरुस्त करणे सोपे असते. दोनशे नोंदी साठल्यावर ते होत नाही.

लेखक कोण मानावा

विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लेखावर नाव असेल तर आडनाव आधी आणि मग नाव, ही मराठी सूचीतली रूढ पद्धत पाळावी, आणि ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ या उपाध्या गाळाव्यात. व्यक्तीविषयीचा आदर मजकुरात दाखवता येतो. सूचीत उपाधी ठेवली तर सगळी नावे ‘डॉ.’च्या खाली एकत्र येतात आणि आडनावाने शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

जिल्ह्यातल्या बहुतेक बातम्यांवर मात्र व्यक्तीचे नाव नसते. ‘प्रतिनिधी’, ‘वार्ताहर’, ‘सकाळ वृत्तसेवा’, ‘लोकमत न्यूज नेटवर्क’, ‘म. टा. प्रतिनिधी’ असे काही तरी असते. यांत एक फरक करावा. ‘वृत्तसेवा’, ‘न्यूज नेटवर्क’ किंवा पीटीआयसारखी वृत्तसंस्था ही संस्था आहे, म्हणून तिला समूहलेखक मानून तिचे नाव लेखकाच्या जागी लिहिता येते. ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ हे कोणाचेही नाव नव्हे. तिथे लेखकाची जागा मथळ्याने घ्यावी, म्हणजे नोंद मथळ्यापासून सुरू करावी. ‘प्रतिनिधी, लातूर’ हे लेखकाचे नाव समजून सूचीत ‘प्र’ खाली लावलेल्या नोंदी मी अनेकदा खोडल्या आहेत.

अग्रलेखावर सहसा नाव नसते. तोही मथळ्यापासून नोंदवावा आणि मथळ्यानंतर चौकटी कंसात [अग्रलेख] असे लिहावे. वाचकांच्या पत्रांसाठी [वाचकांचे पत्र] अशी खूण पुरते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण बातमी, अग्रलेख आणि वाचकाचे पत्र यांचे पुराव्याचे वजन वेगळे असते आणि ते परीक्षकाला सूची वाचतानाच दिसायला हवे. संपादकाचे नाव ठाऊक आहे म्हणून ते अग्रलेखाचा लेखक म्हणून घालू नये.

तारीख एक नसते

लातूरच्या ‘जलदूत’ या पाण्याच्या रेल्वेचे उदाहरण घेतो. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोहोचली आणि तिच्या दहा वाघिणींत, म्हणजे टाकीच्या डब्यांत, मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा एका खेपेचे पाणी सुमारे पंचवीस लाख लिटर झाले. आता ‘जलदूत रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आणले’ आणि ‘जलदूत रेल्वेने पंचवीस लाख लिटर पाणी आणले’ ही दोन्ही विधाने आपापल्या तारखेला खरी आहेत. संदर्भात केवळ ‘२०१६’ किंवा ‘एप्रिल २०१६’ लिहिले, तर वाचकाला एक विधान चुकीचे वाटेल, आणि कोणते ते त्याला ठरवताही येणार नाही. पुस्तकाला वर्ष पुरते. बातमीला दिवस लागतो.

हा दिवस ठरवताना तीन तारखा समोर येतात. घटना ज्या दिवशी घडली तो दिवस, बातमी संकेतस्थळावर आली तो दिवस, आणि छापील अंकाची तारीख. पहाटेची घटना त्याच सकाळी संकेतस्थळावर येते, तर छापील अंकात ती दुसऱ्या दिवशी वाचायला मिळते. ज्या रूपात आपण बातमी वाचली त्या रूपाची तारीख द्यावी: संकेतस्थळावर वाचली असेल तर तिथली, ई-पेपरमध्ये वाचली असेल तर अंकाची. दोन्हींची सरमिसळ करून संकेतस्थळाच्या दुव्यापुढे छापील अंकाची तारीख लिहू नये.

त्यात अनेक संकेतस्थळे मथळ्याखाली ‘प्रसिद्ध’ आणि ‘अद्ययावत’ अशा दोन वेळा दाखवतात. साधारण नियम असा ठेवावा की मूळ प्रसिद्धीची तारीख द्यायची. पण आपण जो आकडा किंवा जे विधान घेतो आहोत ते नंतर घातले गेले आहे, हे पानावरून कळत असेल, तर अद्ययावत केल्याची तारीख द्यावी. धरणातील पाणीसाठा, अतिवृष्टीतील नुकसान किंवा निवडणुकीचे निकाल यांसारख्या विषयांवर एकच पान दिवसभर बदलत राहते. अशा पानाचा आधार घेताना तारखेबरोबर वेळही टिपून ठेवावी आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीची स्थिर बातमी वापरावी.

तारखेबद्दल आणखी एक सूचना मला कळकळीने करावीशी वाटते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. त्या काळी मराठी दैनिकांची संकेतस्थळे नव्हती, त्यामुळे शोध घेतल्यावर पडद्यावर जे येते ते बहुतेक वर्षस्मरणाच्या निमित्ताने नंतर लिहिलेले असते. मृतांचा आकडा त्यांत कुठे ७,९२८ दिसतो, तर कुठे ९,७४८. अशा लेखाचा संदर्भ ‘१९९३ मधील बातमी’ म्हणून देणे चूक आहे. तो त्या घटनेवर पुढच्या काळात लिहिलेला मजकूर आहे आणि त्याच्या स्वतःच्या तारखेनेच तो नोंदवायला हवा. त्या आठवड्याचे वृत्तांकन हवे असेल तर जुन्या अंकांच्या बांधीव फायली पाहण्यावाचून गत्यंतर नाही. १९७८ साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाविषयीही हेच लागू आहे. ग्रंथालयात छापील अंक पाहिला असेल तर संदर्भ छापील अंकाचाच द्यावा. सोय म्हणून त्याला नंतरच्या एखाद्या ऑनलाइन लेखाचा दुवा जोडू नये.

मथळा, दैनिकाचे नाव आणि गावाचे नाव

मथळा पानावर दिसतो तसाच घ्यावा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा मथळा पुष्कळदा वेगळा असतो, कारण तो शोधयंत्रांसाठी लिहिलेला असतो. समाजमाध्यमावर बातमी पाठवताना दिसणारा तिसराच असतो. बातमीच्या डोक्यावरचा मथळा प्रमाण मानावा. त्यातली शुद्धलेखनाची चूकही सुधारू नये, कारण आपण सुधारलेल्या शब्दाने शोध घेणाऱ्याला बातमी सापडणार नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा झाला आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव या बदलांना केंद्र सरकारची मंजुरी २०२३ साली मिळाली. त्यापूर्वीच्या बातमीच्या मथळ्यात जुने नाव असेल तर ते तसेच ठेवावे, आणि नंतरच्या बातमीत नवे असेल तर नवे. सूची एकसारखी दिसावी म्हणून मथळ्यांतली नावे बदलणे म्हणजे उद्धृत मजकुरात फेरफार करणे होय. आपल्या स्वतःच्या विवेचनात कोणते नाव वापरायचे हे प्रास्ताविकात एकदा सांगून टाकावे. बातम्या शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोध घ्यावा, कारण एका नावाने शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच साहित्य लागते. हिंगोली जिल्ह्यावर काम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १ मे १९९९ पूर्वीच्या मजकुरात तो भाग परभणी जिल्ह्यात आहे. आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचेही तसेच: १४ जानेवारी १९९४ पूर्वीच्या बातमीत त्याचे नाव मराठवाडा विद्यापीठ असे येते आणि ते तसेच राहिले पाहिजे.

ई-पेपर आणि संकेतस्थळ हे एकाच दैनिकाचे असले तरी संदर्भाच्या दृष्टीने दोन वेगळे स्रोत आहेत. ई-पेपर हे छापील पानाचे चित्र असते. त्याला आवृत्ती, पान क्रमांक आणि पुरवणी असते. मोठ्या दैनिकाची नांदेडची आवृत्ती आणि लातूरची आवृत्ती यांची पाने वेगळी असतात. एकीत पहिल्या पानावर तीन स्तंभांत आलेली बातमी दुसरीत पाचव्या पानावर चार ओळींची होते आणि तिसरीत येतच नाही. म्हणून ई-पेपरचा पान क्रमांक आवृत्तीच्या नावाशिवाय लिहिणे निरर्थक आहे. संदर्भ लिहिण्याची शिकागो पद्धत वृत्तपत्रांच्या बाबतीत पान क्रमांक गाळण्याकडे कल ठेवते, त्याचे कारण हेच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कात्रणांचा आधार घेऊ नये. दैनिकाचे नाव आणि तारीख कापून टाकलेले चित्र हा पुरावा होत नाही, आणि बनावट कात्रण तयार करणे आज अवघड राहिलेले नाही. कात्रणातला मथळा घेऊन मूळ बातमी शोधावी. ती सापडली तर तिचा संदर्भ द्यावा, न सापडली तर तो मजकूर सोडून द्यावा. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सुचवलेल्या संदर्भांनाही हाच नियम लावावा. ही साधने अस्तित्वात नसलेला मथळा, खऱ्या दैनिकाचे नाव आणि शक्य वाटणारी तारीख यांची जुळणी करून देतात, आणि ती दिसायला अगदी निर्दोष असते. जी बातमी स्वतः उघडून वाचली नाही, ती सूचीत येता कामा नये.

दुवा स्वच्छ करणे

मराठी संकेतस्थळाचा दुवा नकलून प्रबंधात चिकटवला की पुष्कळदा टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची तीन-चार ओळींची रांग उमटते. दुव्यात देवनागरी मजकूर असेल तर संगणक त्यातली प्रत्येक खूण संकेतात बदलतो: देवनागरीतले एक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे, प्रत्येक बाइटासाठी टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणा, म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. ‘मराठवाडा’ या शब्दात काना धरून आठ चिन्हे आहेत. दुव्यात त्यांच्या ७२ खुणा होतात. यात बिघाड काही नाही, पण छापील पानावर असा दुवा कोणी हाताने उतरवू शकत नाही, आणि एक खूण गळली तरी तो चालत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत तोच दुवा देवनागरीत दिसत असेल, तर तो देवनागरीत लिहून चालतो का, हे पाहावे. काही संकेतस्थळांवर पानावर दिलेला लघुदुवा असतो. तो दैनिकाचा स्वतःचा असेल तर वापरावा. त्रयस्थ सेवेने आखूड केलेला दुवा मात्र वापरू नये, कारण ती सेवा बंद पडली की मूळ पान शाबूत असूनही वाट बंद होते.

समाजमाध्यमावरून बातमी उघडली असेल तर दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर एक लांब शेपूट जोडलेले असते. वाचक कुठून आला याची ती नोंद असते आणि बातमीशी तिचा संबंध नसतो. प्रश्नचिन्हासह ते शेपूट पुसून उरलेला दुवा ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहावा. तीच बातमी उघडली तर आखूड दुवा लिहावा. ही चाचणी वगळू नये, कारण काही संकेतस्थळांत बातमीचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर येतो. मोबाइलसाठीच्या हलक्या पानाचा दुवा हाती आला असेल तर मूळ पानावर जाऊन तिथला दुवा घ्यावा.

प्रत जपून ठेवणे

इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे वेबॅक मशीन हे जतनस्थळ २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. त्यातल्या ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत बातमीचा दुवा टाकला की त्या क्षणी पान जसे आहे तसे साठवले जाते आणि त्याचा स्वतंत्र दुवा मिळतो. या दुव्यात चौदा अंक असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे आहेत. म्हणून आपल्याकडे १३ तारखेच्या रात्री एक वाजता साठवलेल्या पानावर १२ तारीख दिसते. कोणी शंका घेतली तर उत्तर देता यावे म्हणून हे माहीत असावे. सूचीत मूळ दुवा आधी लिहावा आणि त्यापुढे जतन केलेला दुवा द्यावा.

सगळी संकेतस्थळे अशी साठवण होऊ देत नाहीत, आणि वर्गणी भरून वाचायच्या बातम्यांचे फक्त पहिले दोन परिच्छेद साठवले जातात. तिथे बातमीची पीडीएफ करून ठेवावी. छपाईच्या खिडकीत शीर्ष आणि तळ दाखवण्याचा पर्याय चालू केला की प्रत्येक पानावर दुवा आणि छपाईची तारीख आपोआप उमटते. फाइलच्या नावात तारीख आणि दैनिक असावे, म्हणजे शंभर फाइलींतून हवी ती सापडते. ही प्रत स्वतःच्या अभ्यासासाठी आणि परीक्षकाने मागितल्यास दाखवण्यासाठी आहे. पूर्ण बातमी परिशिष्टात छापायची असेल तर दैनिकाची परवानगी घ्यावी.

मांडणी

संदर्भ लिहिण्याची कोणती पद्धत वापरायची हे विभाग किंवा नियतकालिक ठरवते. आपण त्यांच्या सूचना मिळवाव्यात आणि मग शेवटपर्यंत एकीलाच धरून राहावे. आपल्याकडे समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत), भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत) आणि इतिहासात शिकागोच्या तळटीपा जास्त दिसतात. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ साली, एमएलएची नववी २०२१ साली आणि शिकागोची अठरावी २०२४ साली आली. जुन्या मार्गदर्शिकेची झेरॉक्स हाती असेल तर ती आधी तपासावी.

पुढचे नमुने समजण्यासाठी रचलेले आहेत. मथळाही माझाच आहे. एपीए पद्धतीत नोंद अशी होईल:

आडनाव, आद्याक्षर. (२०१६, एप्रिल १२). लातूरला रेल्वेने पाणी. दैनिकाचे नाव. दुवा

बातमीदाराचे नाव नसेल तर:

लातूरला रेल्वेने पाणी. (२०१६, एप्रिल १२). दैनिकाचे नाव. दुवा

एमएलए पद्धतीत:

आडनाव, नाव. “लातूरला रेल्वेने पाणी.” दैनिकाचे नाव, १२ एप्रिल २०१६, दुवा. पाहिल्याचा दिनांक ५ जून २०२४.

शिकागोच्या तळटीपेत:

नाव आडनाव, “लातूरला रेल्वेने पाणी,” दैनिकाचे नाव, एप्रिल १२, २०१६, दुवा.

एपीएमध्ये दैनिकाचे नाव तिरप्या अक्षरात आणि मथळा साध्या अक्षरात असतो. बीबीसी मराठीसारखे वृत्तस्थळ, ज्याच्यामागे छापील दैनिक नाही, त्याच्या बाबतीत उलटे होते: मथळा तिरपा आणि स्थळाचे नाव साधे. देवनागरीत तिरपी अक्षरे वाचायला त्रासदायक होतात आणि काही फाँटमध्ये मात्रा सरकतात, म्हणून विभागाची हरकत नसेल तर त्यांच्या जागी ठळक अक्षरे वापरावीत, मात्र सर्वत्र. बातमी पाहिल्याची तारीख एपीएमध्ये बदलत्या पानांपुरती लागते आणि एमएलएमध्ये ऐच्छिक आहे. आपल्या संकेतस्थळांची अस्थिरता पाहता ती नेहमी लिहावी असे माझे मत आहे. शिकागो पद्धतीत बातमीचा संदर्भ तळटीपेतच पुरतो, शेवटच्या सूचीत तो दिलाच पाहिजे असे नाही. पण बातम्या हाच ज्या प्रबंधाचा मुख्य आधार आहे तिथे त्यांची स्वतंत्र सूची जरूर द्यावी.

मजकुरातला संदर्भ एपीएनुसार (आडनाव, २०१६) असा येतो, आणि लेखक नसेल तर मथळ्यातले पहिले काही शब्द अवतरणचिन्हांत (“लातूरला रेल्वेने”, २०१६) असे लिहितात. एकाच बातमीदाराच्या एकाच वर्षातल्या अनेक बातम्या असतील तर २०१६अ, २०१६आ असा फरक करावा आणि तो सूचीतही तसाच असावा. थेट अवतरण घेताना ऑनलाइन बातमीला पान क्रमांक नसतो, तिथे परिच्छेद मोजून (परि. ४) असे लिहावे.

प्रबंध इंग्रजीत असेल तर मराठी मथळा रोमन लिपीत उच्चारानुसार लिहून त्यापुढे चौकटी कंसात त्याचे इंग्रजी भाषांतर द्यावे. केवळ भाषांतर दिले तर मूळ बातमी शोधणे अशक्य होते. बातमीतले वाक्य भाषांतर करून उद्धृत केले असेल तर भाषांतर संशोधकाचे असल्याचे तिथेच सांगावे.

बातमी कशाचा पुरावा आहे

संदर्भ निर्दोष लिहिला तरी तो चुकीच्या विधानाला जोडलेला असू शकतो. ‘जायकवाडीचा साठा इतक्या टक्क्यांवर आला’ हे वाक्य बातमीत असते, पण तो आकडा बातमीदाराने मोजलेला नसतो; तो जलसंपदा विभागाचा असतो. टँकरची संख्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या अहवालातली असते, पावसाची आकडेवारी हवामान विभागाची किंवा महसूल मंडळांतल्या नोंदींची. असा आकडा वापरायचा असेल तर आधी मूळ अहवाल शोधावा आणि तो मिळाला तर त्याचाच संदर्भ द्यावा. मिळाला नाही तर वाक्यातच ‘विभागीय आयुक्त कार्यालयाच्या अहवालाच्या आधारे अमुक दैनिकाने दिलेल्या वृत्तानुसार’ असे लिहावे आणि सूचीत बातमीच नोंदवावी. न पाहिलेल्या अहवालाचे नाव सूचीत घालू नये.

याउलट काही गोष्टींचा सर्वांत चांगला पुरावा बातमीच असते. अमुक गावात हंडा मोर्चा निघाला, तिथे महिलांनी काय मागितले, एखाद्या प्रश्नाला त्या आठवड्यात किती जागा मिळाली, कोणत्या शब्दांत तो मांडला गेला, यांची नोंद सरकारी कागदात क्वचितच सापडते. जिल्हा पानावरची चार ओळींची बातमी हीच त्याची एकमेव लेखी साक्ष असते. अशा बातम्या संकेतस्थळावरून सर्वांत आधी गायब होतात, म्हणून त्यांची प्रत सर्वांत आधी जतन करावी.

बातमीतला मजकूर शब्दशः घेतला तर अवतरणचिन्हे आणि संदर्भ दोन्ही हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्यांवर कारवाई कडक होत जाते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. बातमीची चार वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय उतरवून शेवटी कंसात दैनिकाचे नाव लिहिले, तर तो मजकूर साम्यात मोजला जातो आणि ते योग्यच आहे.

जमा करण्यापूर्वी

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक दुवा स्वतः उघडून, समोर आलेल्या मथळ्याशी सूचीतला मथळा ताडून पाहावा. जो दुवा मृत असेल त्याची बातमी आधी मथळ्यातल्या तीन-चार शब्दांनी दैनिकाच्या नावासह शोधावी, कारण संकेतस्थळाची रचना बदलली की बातमी पुष्कळदा नव्या पत्त्यावर सापडते. नाही सापडली तर जुना दुवा वेबॅक मशीनमध्ये टाकावा. दुसऱ्या कोणी तरी ती साठवलेली असू शकते. तिथेही नसेल तर त्या तारखेचा ई-पेपर किंवा ग्रंथालयातला अंक पाहावा.

अंबाजोगाईच्या त्या दुपारनंतर माझ्या विद्यार्थिनीने याच क्रमाने ९ बातम्यांचा माग काढला. ४ नव्या पत्त्यावर मिळाल्या, २ जतनस्थळावर. उरलेल्या ३ बातम्यांच्या तारखा तिच्या टिपणवहीतल्या नोंदींवरून अंदाजाने ठरवून ती जिल्हा ग्रंथालयात गेली आणि दोन दिवस बांधीव फायली चाळत बसली. २ बातम्या सापडल्या. एकीचा छापील मथळा तिच्या टिपणातल्या मथळ्याहून वेगळा होता आणि टँकरचा आकडाही वेगळा होता. तिने छापील अंकाचा आकडा स्वीकारला, प्रकरणातले वाक्य बदलले आणि नोंद छापील अंकाची केली, आवृत्ती आणि पान क्रमांकासह. तिसरी बातमी सापडली नाही. तिच्यावर आधारलेला परिच्छेद तिने प्रबंधातून काढून टाकला.